तुम्ही विचारलंत म्हणून: टीव्ही कोणी बघत नाही, मग ह्या लाईनीत यावं का?

गोव्यात फोंडा भागात देवळांचे उत्सव, भजनं, नाटकं लाईव्ह करायचं काम करतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, आता टीव्हीच कोणी बघत नाही तर नवीन माणसाने ह्यात यावं का? माझं मत, यावं, जरूर यावं.

आधी प्रक्षेपण म्हणजे सरकारच, पणजीला पोर्तुगीज काळात एमिसोरा द गोवा हे रेडिओ केंद्र, मुक्तीनंतर आकाशवाणी, आपल्यासारख्याने आत शिरायचं तर कलाकार म्हणून नाहीतर नोकरीला. मग १९९१-९२ ला स्टार, झी आले आणि धंदा उभा राहिला केबलवाल्याचा, कारण सॅटेलाईटवरून अख्ख्या देशात पोचणाऱ्या चॅनेलला वाड्यावरच्या घरात शिरायला ह्याचीच वायर लागायची. २०१२ पासून डिजिटायझेशन सुरू झालं, सेट टॉप बॉक्स आले, तेव्हा सगळे म्हणाले केबलवाला संपला. काही संपले पण, खोटं कशाला बोलू. पण ज्यांनी त्याच खांबांवरून फायबर ओढला ते आज घरोघरी इंटरनेट देतायत.

आताचा बदल असा की महाग होतं ते स्वस्त झालं. २०१९ ला एटेम मिनी आला, चार कॅमेरे जोडता येतात असा छोटासा स्विचर, म्हणजे कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवायचं ते बदलायचं यंत्र, आणि कॉम्प्युटरवरून लाईव्ह करायचं सॉफ्टवेअर ओबीएस तर फुकटच. म्हणजे चित्र कोणीही दाखवू शकतो, मग पैसे कसले मिळतात? इंटरनेटच्या लाईनचे आणि आवाजाचे.

जत्रेच्या रात्री सगळ्यांचे फोन एकाच टॉवरवर, नेट बसतं. म्हणून आम्ही आधीच केबलवाल्याकडून मंडपापर्यंत फायबर घेतो, वर दोन वेगळ्या कंपन्यांची सिम. आणि भजनात पखवाज! मंडपात तो तसाच खणखणीत ऐकू येतो म्हणून साऊंडवाला मिक्सरवर त्याला खाली ठेवतो, आणि मिक्सरमधून निघणारा तोच आवाज, म्हणजे फीड, तुम्ही सरळ उचलली की मुंबईत बसलेल्याला बुवा आणि पेटी ऐकू येते, पखवाज गायब. त्याला आपला वेगळा माईक लावायचाच, वर एक माईक समोरच्या लोकांसाठी, कोरस आणि टाळ त्यातच येतात. ज्यांची कुळदेवी इथे आणि घर मुंबईला, कारवारला, गल्फमध्ये, ते कुळावी पालखी बघताना फोन करून सांगतात, घंटेचा आवाज आला हो. ह्यासाठी मोठं चॅनेल कधी येणार नाही, त्यांना एवढ्या प्रेक्षकात परवडतच नाही, आणि आपल्याला नेमकं तेवढ्यातच परवडतं.

फक्त यूट्यूबच्या जाहिरातींवर घर चालेल असं धरू नका, गावच्या कार्यक्रमाला तेवढे व्ह्यूज नसतात. पैसे देते देवस्थानची कमिटी, नाहीतर गावातला स्पॉन्सर, तेव्हा रेट आधी ठरवा. आणि नाटकाच्या मध्यंतरात जुनी रेकॉर्ड लावू नका म्हणून साऊंडवाल्याला बजावून ठेवा, गाण्याच्या मालकाचा कॉपीराईट क्लेम आला तर व्हिडिओचा आवाज जाऊ शकतो, आणि तो व्हिडिओ गावाला वर्षभर बघायचा असतो.