काजळीत उमटलेला आवाज

चिखलदऱ्याचे दोन दिवस धुक्यात आणि पॉइंटवरच्या गर्दीत गेले. खरा प्रवास घडला तो परतताना. वरुडला मामाजींकडे उतरले आणि त्यांनी मला त्यांच्या विज्ञानाच्या जुन्या सरांच्या गावी नेलं.

संत्र्याच्या बागेतलं घर. सरांनी ओसरीवर एक जड लाकडी पाट आणून ठेवला. त्यावर दांड्याने फिरवायचा पितळी दंडगोल, समोर कर्णा, कर्ण्याच्या मागच्या तोंडाला पातळ पडदा आणि पडद्याला चिकटवलेला ब्रशचा एक राठ केस. शाळेने प्रयोगशाळा रिकामी केली तेव्हा हे किलोच्या भावात भंगारात निघालं होतं. सरांनी ते भंगारवाल्याच्या गाड्यावरून परत विकत घेतलं. ऐकून जीव तुटला. तराजूत टाकताना कुणालाच काही वाटलं नसेल?

"बस बाई, दाखवतो तुले."

सरांनी दंडगोलावर कागद गुंडाळला आणि चिमणीच्या धुरावर फिरवून काळाकुट्ट केला. "आता कर्ण्यात 'आ' म्हण. लांब." मी 'आ' लावला, त्यांनी दांडा फिरवला. काजळीवर केसाएवढी पांढरी नागमोडी रेघ उमटत गेली. 'ई' म्हटलं तर नक्षीच बदलली! आसाला आटे आहेत, त्यामुळे दंडगोल फिरता फिरता सरकतो आणि रेघेवर रेघ चढत नाही. शेजारी सेकंदाला २५६ कंपनं करणाऱ्या नादकाट्याचीही (ट्यूनिंग फोर्क) रेघ काढायची. तिच्या २५६ लाटा मोजल्या की एक सेकंद. हात कमीजास्त फिरला तरी हिशेब चुकत नाही.

आवाज काजळीवर उतरवायची ही युक्ती पॅरिसच्या स्कॉट द मार्तिनव्हिलची, १८५७ सालची. एडिसनच्या फोनोग्राफच्या २० वर्षं आधीची. "पण यात आवाज दिसते फक्त, परत ऐकू येत नाही," सर म्हणाले. वर्गातही ते हेच सांगत आले होते.

मी मोबाइल काढला. स्कॉटने १८६० साली काजळीवर उतरवलेलं फ्रेंच गाणं २००८ मध्ये संगणकाने वाजवून दाखवलं, ते लावलं. सरांनी फोन कानाला घट्ट धरला. एकदा ऐकलं. परत लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांनी डोळे मिटले होते.

मग ते आत गेले आणि ट्रंकेतून कागदाची एक गुंडाळी घेऊन आले. स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा (लाख) फासून काजळी पक्की केलेली, कडेला शाईने मुलामुलींची नावं.

"हे माझे पोट्टे. १९७९ ची दहावी. यातून काही निघते का, पाय बरं."

ओसरीच्या उन्हात कागद पसरून मी वीतवीतभर भागाचे फोटो घेत गेले. प्रत्येक नावाशेजारी नादकाट्याची रेघ होती.