काझाच्या मिस्त्रीने बसवलेला टॅबलेट

पुण्याहून मनालीपर्यंतचे चार दिवस महामार्गावरच गेले आणि मनालीतल्या गर्दीत एक रात्रदेखील नकोशी झाली, एवढेच त्याबद्दल सांगण्यासारखे आहे. लिहायचे आहे ते हिमाचलमधल्या स्पितीच्या वाटेवरील, ग्राम्फू ते बातल या रस्त्यावरील एका ओढ्याबद्दल आणि पुढे काझाला भेटलेल्या एका वेल्डिंग मिस्त्रीबद्दल.

दादाची जिप्सी जुनी आहे. पुढे आणि मागे दोन्हीकडे कमानपाटे असल्यामुळे रस्त्यावरचा प्रत्येक दगड पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचतो. तरीही स्पितीसाठी मला दुसरी गाडी नको होती. नकाशा पाहण्यासाठी आम्ही दहा इंची टॅबलेट घेतला होता आणि मोबाइलची रेंज नसेल हे गृहीत धरून संपूर्ण हिमाचलचा नकाशा त्यात आधीच उतरवून ठेवला होता. तो बसवला होता काचेला चिकटणाऱ्या रबरी वाटीच्या स्टँडवर. दुकानदाराने कोणत्याही रस्त्यावर हलणार नाही अशी खात्री दिली होती आणि पुणे ते मनाली तो खरोखरच हलला नाही.

9.02 किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्यातून बाहेर पडून ग्राम्फूला वळलो तेव्हाच उशीर झाला होता. या रस्त्यावरचे ओढे सकाळी लवकर ओलांडावेत, कारण दिवस चढतो तसा वरचा बर्फ वितळून पाणी वाढत जाते. छत्रूच्या पुढच्या मोठ्या ओढ्यावर आम्ही दुपारी दोनच्या सुमारास पोहोचलो. दादाने दुसरा गिअर दांडा फोर-एलमध्ये, म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणाऱ्या जागी, टाकला आणि पहिल्या गिअरमध्ये गाडी पाण्यात घातली. ओढा पार झाला, पण पलीकडे चंद्रा नदीच्या बाजूला उतार होता आणि नेमके तिथे पुढचे चाक एका गोट्यावरून धाडकन खाली आले. वाटी काचेपासून सुटली. टॅबलेट स्टँडसकट दादाच्या पायांत पडला आणि ब्रेकच्या पॅडलखाली आडवा अडकला. दादाने ब्रेक दाबला, तर पॅडल खाली जाईना. त्याने आरडाओरडा केला नाही. किल्ली फिरवून इंजिन बंद केले आणि खालच्या गिअरमध्ये असलेली गाडी हातभर पुढे जाऊन थांबली. नदीची कड तिथून फार लांब नव्हती. मी खाली वाकून टॅबलेट ओढून काढला तेव्हा माझी बोटे इतकी थरथरत होती की त्याची काच शाबूत आहे हे मला बातलच्या ढाब्यात चहा पिताना दिसले.

वाटी का सुटली हे त्या चहावर बसून कळत गेले. रबरी वाटी स्वतःहून चिकटत नाही. बाहेरची हवा तिला काचेवर दाबून धरते. बातलच्या आसपास, म्हणजे सुमारे चार हजार मीटर उंचीवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 60 टक्केच उरतो आणि वाटीची पकडही त्याच प्रमाणात कमी होते. त्यात थंडीने कडक झालेले रबर, काठावर बसलेली बारीक धूळ आणि वीतभर लांब दांडीच्या टोकाला झुलणारे साडेसहाशे ग्रॅम वजन. पुण्यात केलेली कोणतीही चाचणी इथे उपयोगाची नव्हती, आणि हे मला निघण्यापूर्वी सुचायला हवे होते, याचा सल आजही आहे.

कुंझुम खिंड ओलांडून रात्री काझाला पोहोचलो. दुसऱ्या दिवशी गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, पाहायचा सोडून आम्ही गॅरेज शोधले. तिथला मिस्त्री दर उन्हाळ्यात मंडीकडून येणारा, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस होता. त्याने आधी मला माझ्या सीटवर आणि दादाला त्याच्या सीटवर बसवले, दोन्ही गिअर दांडे प्रत्येक जागी नेऊन पाहायला सांगितले आणि आमचे हात कुठपर्यंत येतात तिथे खडूने खुणा केल्या. मग माझ्या सीटच्या रुळाचा, गाडीच्या मध्याकडील बोल्ट काढून त्याखाली जाड लोखंडी पट्टी घेतली, तिच्यावर पाऊण इंची पाइप उभा केला आणि पाइप थरथरू नये म्हणून डॅशबोर्डच्या खालच्या कडेला तिरका टेकू दिला. स्टँडचा फिरणारा बॉल जॉइंट त्याने बाजूलाच ठेवला. हलणारा प्रत्येक सांधा या रस्त्यावर सैल होतो, असे त्याचे म्हणणे होते. म्हणून गाडी उन्हात उभी करून, दादाला रस्त्यावरची नजर फार न वळवता पडदा दिसेल असा कोन त्याने आधी हाताने धरून पाहिला आणि तोच वेल्डिंगने कायम केला. चारही कोपऱ्यांना पकड, मागे जुन्या ट्यूबचे रबर आणि चार्जिंगच्या वायरला पिनेजवळ एक सैल वेटोळे, म्हणजे धक्का पिनेवर येणार नाही.

शेजारी एका नव्या गाडीत टॅबलेट डाव्या सीटसमोरच्या हँडलला बांधलेला होता. मिस्त्रीने त्या मालकाला स्वतःहून हाक मारली आणि तिथे एअरबॅग आहे, ती उघडली तर हीच वस्तू बसलेल्याच्या तोंडावर येईल, असे समजावले. आमच्या जिप्सीला एअरबॅग नाही, पण त्याची ती कळकळ पाहून मला भरून आले. एवढ्या कामाचे त्याने सातशे रुपये घेतले आणि जास्तीचे परत केले.

किब्बर, लांगझा, धनकर, पिन खोरे हे पाच दिवस सुंदर गेले. परतताना तोच ओढा सकाळी सातला ओलांडला. टॅबलेट जागचा हलला नाही. निघण्यापूर्वी मिस्त्रीने प्रत्येक नटावरून पट्टीपर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढली होती, ती तुटलेली दिसली की पाना लावा, असे सांगून. पुण्यात गाडी धुताना मी सगळ्या रेघा वाकून पाहिल्या. त्या अजून सरळ आहेत.