सर्व संतांच्या दिवशी

१ नोव्हेंबर, रात्री

मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, एकमेकांना शांती देताना नमस्कार केला मी. हात जोडले, मान लववली, 'शांती असो' हेही म्हटलं. पण बघितलं ते तिच्या, चर्चमधल्या माझ्या कानडी सोबतिणीच्या, खांद्याकडे, कर्नाटकाची लाल-पिवळी फीत टाचली होती तिथं. डोळ्यांत बघितलं नाही. आणि ते तिला कळलं.

एवढंच झालं. सकाळपासून दुसरं काही सुचत नाही.

माझी निषेधाची काळी फीत पर्समध्ये होती. दादानं सायकल फेरीला निघताना दिलेली. चर्चच्या फाटकातच काढून ठेवली, देवासमोर नको म्हणून. मग तिनं का नाही काढली? मिस्साभर हेच डोक्यात. १९५६ साली याच दिवशी आमचं बेळगाव मुंबई राज्यातून आताच्या कर्नाटकात गेलं, तेव्हापासून हा दिवस आमच्या घरी सुतकाचा. बाबा या दिवशी संभाजी उद्यानापासून सायकलवर निघायचे, पाय दुखत असले तरी. तिच्या घरी तोच दिवस कर्नाटक राज्योत्सवाच्या सणाचा. चन्नम्मा चौकातला डॉल्बी चर्चच्या आत ऐकू येत होता.

आणि आमचं दुःख तरी कुणाला सांगायचं? फेरीत गेलं की कुणीतरी विचारतंच, "तुम्ही गोव्याचे ना?" एका कचेरीत मराठीतला अर्ज हातात परत दिला, तो राग अजून आहे. इकडे ख्रिस्ती म्हणून परके, तिकडे मराठी म्हणून. बाबा अशा वेळी इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्सचं नाव काढायचे. १६१६ साली त्यांचं ख्रिस्तपुराण, येशूची ओवीबद्ध कथा, मराठीत छापलं गेलं, आणि आम्हाला विचारतात मराठी कसे! आज बाबांची फार आठवण आली. दुपारी बसून रडले.

पण रडून झाल्यावरही ती नजर तशीच.

सणाची एकच मिस्सा, म्हणून पहिलं वाचन मराठीत, दुसरं कानडीत. पहिलं मी केलं. बायबलमधल्या योहानाला स्वर्गात दिसलेला तो समुदाय, कुणाला मोजता येणार नाही इतका, पांढरे झगे, हातात झावळ्या. सर्व राष्ट्रांतले, सर्व भाषांतले. 'सर्व भाषा' हा शब्द मी चांगला ठासून वाचला, आपल्या मराठीसाठी म्हणून. दुसरं तिनं वाचलं. 'देवर मक्कळु', देवाची मुलं, एवढंच मला समजलं. त्यानंतर शुभवर्तमान, येशूचं डोंगरावरचं प्रवचन, शांती करणारे धन्य. आणि मग अर्ध्या तासात मी हे केलं.

आता शांतपणे पुन्हा वाचलं. तिथं देवाच्या सिंहासनासमोर उभे राहताना कुणाला भाषा बाहेर ठेवून या म्हटलेलं नाही. म्हणजे माझी मराठी पाप नाही, बाबांची फेरीही नाही. तिचं कानडी असणंही नाही, आणि ती फीतही नाही बहुतेक. (हे लिहायला मला जड जातंय.) आई दवाखान्यात होती तेव्हा तीन रात्री हीच उशाशी बसली. दर नाताळला नेवऱ्यांचा डबा हिच्याच घरून येतो. बारा वर्षं ती माझ्याशी मराठीत बोलते, तोडकं-मोडकं का होईना. मी तिच्याशी कानडीत किती बोलले? मुलांना मात्र मी...

जाऊ दे, ते नंतर.

सीमेचा निकाल माझ्या हातात नाही. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात आहे, लागेल तेव्हा लागेल. पुढच्या वर्षीही मी फीत लावणार आणि फाटकात काढणार. ती लावून आत येईल. येऊ दे.

उद्या मृतांचा दिवस. तिच्या सासूची कबर बाबांच्या कबरीपासून तिसरी, त्यामुळे भेट होणारच. आधी तोंडाकडे बघायचं. "आराम अदीरी?", बरं आहे ना, एवढं कानडी तर येतं मला.

मेणबत्त्या आणल्यात. तिथं वारा फार असतो, काडेपेटी विसरायला नको.