तुम्ही विचारलंत म्हणून: मस्टँगचं काय झालं, आणि पहिली गाडी डस्टरच का

गणपतीत प्रसादाच्या रांगेत, ऑफिसात कॉफी मशीनपाशी, मुलीच्या शाळेच्या पार्किंगमध्ये, आणि परवा तर पुण्याहून भाच्याच्या मित्राने मेसेज करून. प्रश्न सगळ्यांचा एकच. डेट्रॉइटला राहतोस, पॉन्टिॲक जीटीओ मिळत होती, फोर्ड मस्टँग तर गराजमध्येच उभी होती, मग सगळ्यात आधी रिस्टोअर केलीस ती ही तपकिरी प्लिमथ डस्टर? आणि मग जरा थांबून, "तीपण 318 वाली ना?"

हो, 318 वाली, म्हणजे 318 घनइंच इंजिनाची. एकदा सगळं लिहूनच टाकतो, म्हणजे पुढच्या गणपतीत वरणभात गरम असताना खाता येईल.

आधी 318 चं संपवू. डस्टर 1970 ला आली, प्लिमथच्याच व्हॅलियंट गाडीचं पुढचं तोंड, मागे उतरतं छप्पर, किंमत कमी, गिऱ्हाईक तरुण. तिच्यात 340 चं इंजिन असेल तर मसल कार (दांडग्या इंजिनाची, सुसाट पळणारी), 318 किंवा स्लँट सिक्स (सहा सिलिंडरचं साधं इंजिन) असेल तर आजीला भाजी आणायला न्यायची गाडी, असा मसल कारवाल्यांचा सरळ हिशोब आहे. माझ्या गाडीच्या व्हीआयएनमध्ये, म्हणजे कंपनीने दिलेल्या ओळख क्रमांकात, पाचवं अक्षर जी आहे. एच असतं तर 340 आणि मग तुम्ही हा प्रश्न विचारलाच नसता. 1973 च्या 318 ला कागदावर 150 हॉर्सपॉवर, म्हणजे आमची मुलांना क्लासला नेणारी सिएना सिग्नलला हिच्या आरामात पुढे निघते. पूर्वी मी सांगत बसायचो की अहो 1971 पर्यंत ग्रॉस (नुसत्या सुट्या इंजिनाचे) आकडे छापायचे, 72 पासून नेट (गाडीत बसवलेल्या इंजिनाचे) छापायला लागले, त्यामुळे आकडा कागदावर जास्तच पडलेला दिसतो वगैरे. खरं आहे ते. पण सिएना तरी पुढे निघतेच, म्हणून आता सांगत नाही.

आणि मस्टँग मस्टँग करणाऱ्यांनो, कट्टर लोक तिलाही मसल कार म्हणत नाहीत, पोनी कार (छोटी, स्पोर्टी गाडी) म्हणतात. त्यांच्या लेखी खरी सुरुवात 1964 च्या पॉन्टिॲक जीटीओपासून, मधल्या आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं 389 इंजिन. तेव्हा कोणी कोणाला हसायचं ते आधी ठरवा.

जीटीओचं थोडक्यात सांगतो कारण तिथे सांगण्यासारखं फार नाही. फ्लिंटजवळ एकाकडे 1968 ची होती, व्हीआयएन 242 ने सुरू होणारा म्हणजे अस्सल जीटीओ, बॉडीच्या रंगाचा तो रबरी बंपरसुद्धा शाबूत. इंजिन मात्र चार क्रेटमध्ये. मालक म्हणाला सगळं आहे. सगळं कधीच नसतं, आणि तोपर्यंत मला हे स्वतःच्या अनुभवावरून माहीत झालेलं होतं, म्हणून नाही घेतली. त्या रात्री झोप लागली नाही हेही खरं.

आता मस्टँग.

ऑक्टोबर 2014 मध्ये घेतली, 1966 ची कूपे, 289, साडेनऊ हजार डॉलर, लाल, चकचकीत. मी तेव्हा सगळ्यांना सांगत फिरायचो की पहिली गाडी मनातलीच घ्यावी कारण दुसरी कधी होतच नाही. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की मंडळात दोघांनी तरी मला ते परत ऐकवलंय. घेताना काय बघितलं? रंग बघितला, इंजिनाचा आवाज ऐकला, आणि 66 सालात सहा लाखांच्या वर मस्टँग विकल्या गेल्यात, स्क्रूपासून अख्ख्या शेलपर्यंत (गाडीचा नुसता पत्र्याचा सांगाडा) सगळं कॅटलॉगमध्ये नवीन मिळतं, एवढं वाचलेलं होतं. पार्ट मिळणं आणि गाडी होणं यात काय फरक आहे ते कॅटलॉगमध्ये नव्हतं.

मे 2015 मध्ये बाबा आले. चौतीस वर्षं पिंपरीत टूलरूममध्ये काढलेला माणूस, जेट लॅगमुळे पहाटे चारला उठून गराजमध्ये जाऊन उभे. पहिल्या दिवशी हात लावला नाही, नुसत्या दोन प्रदक्षिणा. दुसऱ्या दिवशी फ्रिजवरचं नायगाऱ्याचं मॅग्नेट काढून आणलं आणि मागच्या चाकाच्या वर लावलं. पडलं. चार बोटं पुढे लावलं. पडलं. दाराच्या खाली लावलं, पडलं. म्हणाले, "अरे पत्रा कुठाय, ही तर सगळी लांबी (पुट्टी) भरलीय."

मग झाडांना पाणी घालायची झारी आणली. मला म्हणाले आत बस. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो, आणि काचेच्या खाली बॉनेटच्या मागे जी जाळी असते ना, काउल म्हणतात तिला, त्यात त्यांनी सावकाश धार सोडली. चार-पाच सेकंदांनी माझा डावा मोजा भिजला. मग ते पलीकडे गेले, तिकडूनही ओतलं, पॅसेंजरच्या कार्पेटवर टपटप. आमच्या चिंचवडच्या फियाटमध्ये पावसाळ्यात आईचे पाय भिजायचे, त्यावरून त्यांना ठाऊक. मला, मिशिगनमध्ये ऑटोमोटिव्हमध्ये नोकरी करणाऱ्याला, नव्हतं.

मस्टँगवाले हसतील, कारण जुन्या मस्टँगचा हा सगळ्यात प्रसिद्ध रोग आहे. काउल म्हणजे वरखाली दोन पत्रे स्पॉट वेल्ड करून केलेली पेटी, आतून नीट रंग बसत नाही, पानं कुजत पडतात, आणि हवा आत यायच्या भोकाभोवती जी उभी कड असते ती सडली की पाणी सरळ पायाशी. तिथून फ्लोअर, फ्लोअरखालून टॉर्क बॉक्स, म्हणजे सांगाड्याला बळ देणाऱ्या पत्र्याच्या पेट्या. वरून इथलं हिवाळ्यातलं रस्त्यावरचं मीठ. दुरुस्त करायचं तर पुढचे मडगार्ड, काच सगळं काढून ते स्पॉट वेल्ड एकेक ड्रिलने सोडवायचे. घ्यायच्या आधी एक झारी पाणी, एवढंच करायचं होतं मला.

बाबा म्हणाले, "चालतेय ना? मग चालती ठेव. आधी ब्रेक बघ, एकच सर्किट आहे, पाइप फुटला तर चारी चाकं गेली. मग पत्रा. एका वेळी एक काम." मी म्हटलं नाही, करायचं तर पूर्ण, नट-बोल्ट सुटा करून. आमचं वाजलं. शेवटी गाडी माझी म्हणून ते गप्प बसले आणि माझ्याबरोबर ती खोलायला लागले.

प्रत्येक गोष्ट झिपलॉकच्या पिशवीत, पिशवीवर मास्किंग टेपची पट्टी, त्यावर काळ्या मार्करने त्यांचं ते सुवाच्य अक्षर. डावे दार, खालची बिजागरी, वायसर 2. उजवा वायपर, आतील बाजू. मी म्हटलं इंग्रजीत लिहा हो, तर म्हणाले वाचणार तूच आहेस ना. दोनशे चौदा पिशव्या झाल्या. मी फोनवर फोटोही काढत होतो, कुठला बोल्ट कुठला हे एकाही फोटोवरून नंतर कळलं नाही ते सोडा.

ऑक्टोबरमध्ये ते परत गेले. मग धाकटी झाली, मग नोकरी बदलली, आणि शेल दोन हिवाळे चाकांशिवाय स्टँडवर. बायको रोज सकाळी सहाला उघड्यावर उभ्या गाडीवरचा बर्फ खरवडायची आणि मला काही बोलायची नाही, हे बोलण्यापेक्षा वाईट. मार्च 2018 मध्ये टोलेडोचा एक माणूस येऊन शेल, इंजिन आणि पिशव्या ट्रेलरवर घालून घेऊन गेला. बत्तीसशे डॉलर.

इथवर मी पार्टीत सांगतो. पुढचं नाही सांगत.

दर रविवारी बाबांचा फोन, आईशी बोलून झालं की ते यायचे आणि विचारायचे, "कुठवर आली?" मी म्हणायचो चालूये. गाडी विकली त्या रविवारीही म्हटलं चालूये. मग एका रविवारी, का कोण जाणे, म्हटलं पत्र्याचं काम झालं. मग अर्थात पुढच्या महिन्यात रंग. कुठला रंग दिलास? निळा, म्हटलं. चांगलं केलंस म्हणाले, लालमध्ये फार दिसून येतं सगळं. सात-आठ महिने मी अशी नसलेली गाडी फोनवर बनवत होतो, आणि खरं सांगतो, ती नीट बनत होती.

दिवाळीत त्यांनी फोटो मागितला. मी इंटरनेटवरून एका निळ्या कूपेचा फोटो घेऊन पाठवला. बेचाळीस वर्षांचा होतो मी तेव्हा. दोन दिवस उत्तर नाही. रविवारी फोन आला तर शांतपणे म्हणाले, "ही आपली नव्हे. आपल्या जाळीत घोडा एकटा होता, हिच्यात घोड्याला दोन्हीकडून दांड्या आहेत." मी फोटो उघडून बघितला. 65 ची होती. 66 ला त्या दांड्या काढल्या. मी चार वर्षं त्या गाडीच्या नादात आणि मला दिसलं नाही, त्यांनी ती गाडी पाच महिने बघितलेली.

मग सांगितलं सगळं. ओरडतील असं वाटलं होतं. एकच विचारलं, "पिशव्या पण दिल्यास?"

तर आता डस्टर. 2019 च्या मे मध्ये घेतली आणि निवडायला मला जेमतेम अर्धा तास लागला, कारण तोपर्यंत अटी बाबांच्या होत्या, माझ्या नव्हत्याच. स्वतःच्या पायाने चालत घरी आली पाहिजे. ब्रेक डबल सर्किटचे पाहिजेत. 73 पासून क्रायसलरने सगळ्या गाड्यांना इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिलं, म्हणजे ठिणगीसाठीचे जुने कॉन्टॅक्ट पॉइंट घासत बसायचं नाही. टेनेसीची गाडी, मीठ न खाल्लेली. आणि 318 आणि 340 एकाच खानदानाची इंजिनं, उद्या शौक आलाच तर 340 त्याच माउंटवर येऊन बसतं. मालकासमोर मी काउलमध्ये दोन किटल्या पाणी ओतलं, तो बघतच राहिला. उजवीकडून दोन थेंब आले. घेतली तरीही.

व्हीआयएनमधलं सातवं अक्षर बी, म्हणजे डेट्रॉइटला लागून असलेल्या हॅमट्रॅमिकच्या डॉज मेन फॅक्टरीत बनलेली. ती फॅक्टरी 1980 ला बंद पडली, पाडलीही, आता तिथे जीएमचा प्लांट आहे. एका रविवारी मुलींना घेऊन कुंपणापर्यंत गेलो. धाकटी म्हणाली इथे काय बघायचंय. तिचंही बरोबर.

काम एका वेळी एकच. ब्रेकच्या नळ्या, मग पेट्रोलची टाकी आणि रबरी होज (आताचं इथॅनॉल घातलेलं पेट्रोल जुनं रबर खातं), मग मागच्या सीटखालचा पत्रा, मग डिकीचा. तीन आठवड्यांच्या वर कधी बंद राहिली नाही. यालाच तुम्ही रिस्टोअर म्हणत असाल तर म्हणा, माझ्या ऑफिसातला एक जण याला नुसतं रिपेअर म्हणतो आणि मला त्याच्याशी भांडता येत नाही, कारण उजवं मडगार्ड अजून वेगळ्याच तपकिरी रंगाचं आहे.

आणि हो, बंद पडतेही. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी ड्रीम क्रूझला, म्हणजे जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत, वुडवर्ड रस्त्यावर, फर्न्डेलपाशी. मागे शेवरले शेव्हेल, पुढे डॉज चार्जर, दोन्ही फूटपाथवर खुर्च्या टाकून बसलेली माणसं, आणि आमची गाडी किल्ली फिरवली की चालू, किल्ली सोडली की बंद. असं झालं की बॅलास्ट रेझिस्टर (इग्निशनचा करंट कमी करणारा छोटा भाग) गेला समजायचं, जुन्या क्रायसलरवाले एक जादाचा ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवतात. माझ्या ग्लोव्ह बॉक्समध्ये बडीशेप होती. चार्जरवाल्या म्हाताऱ्याने त्याचा दिला, पैसे घेतले नाहीत, फक्त बॉनेटखाली बघून म्हणाला, "ओ, 318."

मग पहिली डस्टर हे बरोबर होतं का? माहीत नाही हो. आठ वर्षांपूर्वीचा मी अजून कानाशी येतो, म्हणतो तू घाबरलास, मनातली सोडलीस आणि जमेल ती घेतलीस. मी म्हणतो तुझी मनातली दोनशे चौदा पिशव्यांत होती. तो म्हणतो आणखी दोन वर्षं थांबला असतास तर. यावर माझ्याकडे उत्तर नसतं, कारण थांबलो असतो तर कदाचित झालीही असती. रात्री झोपायच्या आधी जीटीओच्या जाहिराती अजून बघतो, बायकोला माहीत आहे.

बाबा आता ऐंशीच्या आसपास, गुडघ्यांमुळे परत आले नाहीत. व्हिडिओ कॉलवर बॉनेट उघडून दाखवतो तेव्हा आधी म्हणतात फोन इंजिनाजवळ धर, आणि डोळे मिटून ऐकतात. "एक टॅपेट वाजतोय," हे दर वेळी. वाजतोच.

टोलेडोचा माणूस मधून मधून मेसेज करतो. त्याचीही मस्टँग झालेली नाही, काउल मात्र झालाय. पिशव्यांचे फोटो पाठवतो, यावर काय लिहिलंय, आणि मी सांगतो, लेफ्ट डोअर, लोअर हिंज, टू वॉशर्स. गेल्या महिन्यात एक आला, पिशवीत वाकड्या पट्टीसारखं काहीतरी, आणि टेपवर बाबांच्या अक्षरात, "हे कशाचे ते कळत नाही. टाकू नये."

त्याला लिहिलं, कीप इट.