दूरच्या संगणकावरची विंडो

दूरच्या सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमची विंडो आपल्या स्क्रीनवर इतर विंडोंच्या शेजारी उघडावी, ही सोय एमआयटीमध्ये १९८४ साली सुरू झालेल्या एक्स विंडो सिस्टिमने रूढ केली, आणि १९८७ साली आलेली तिची अकरावी आवृत्ती आजही वापरात आहे. आलेख काढणारा एक प्रोग्रॅम मी रोज एसएसएचवरून (दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करणाऱ्या साधनावरून) असाच चालवतो. कार्यालयातल्या नेटवर्कवर तो झटकन उघडतो. घरून उघडला की रिकामी चौकट बराच वेळ तशीच राहते.

दोष बँडविड्थचा नाही. सुरू होताना प्रोग्रॅम डिस्प्ले सर्व्हरला, म्हणजे माझ्या संगणकावर विंडो दाखवणाऱ्या एक्सच्या भागाला, पुढे वापरायच्या एकेका नावाचा क्रमांक विचारतो आणि जुन्या पद्धतीने लिहिलेला असेल, तर प्रत्येक उत्तर येईपर्यंत थांबून राहतो. एका फेरीला २०० मिलिसेकंद लागत असतील, तर अशा ५० फेऱ्यांत १० सेकंद जातात. एक्सशी बोलण्यासाठीच्या एक्ससीबी या लायब्ररीमुळे सगळे प्रश्न एकदम पाठवता येऊ लागले खरे; पण जोडणी तुटली की प्रोग्रॅमही बंद पडतो, हे दुखणे राहिलेच. राउटर क्षणभर बंद पडला आणि रात्रभराची आकडेमोड वाया गेली, तेव्हापासून मला हीच उणीव सर्वांत मोठी वाटते.

एक्सची जागा घेण्यासाठी २००८ साली सुरू झालेल्या वेलँडने नेटवर्कची सोय आपल्या प्रोटोकॉलच्या बाहेर ठेवली. प्रोग्रॅम स्वतःच चित्र रंगवतो आणि त्याचा बफर (ते चित्र साठवलेला मेमरीचा तुकडा) कंपोझिटरच्या, म्हणजे सगळ्या विंडो एकत्र करून स्क्रीनवर दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, हवाली करतो. हा निर्णय मला पटतो, कारण आजची टूलकिट (बटणे, मेनू वगैरे तयार करून देणाऱ्या लायब्ररी) बहुतेक वेळा रेषा आणि अक्षरे काढण्याच्या आज्ञा न पाठवता तयार चित्रच पाठवतात. वेपाइप हे साधन त्या बफरमधला बदललेला भाग नेटवर्कवरून नेते. तरीही पान थोडे सरकवायचे, तर दूरच्या सर्व्हरची वाट पाहणे आलेच.

सन कंपनीच्या न्यूज प्रणालीने १९८०च्या दशकातच यावर उपाय काढला होता: पोस्टस्क्रिप्ट या पानाचे चित्र वर्णन करणाऱ्या भाषेतला कोड स्क्रीनच्या बाजूला पाठवायचा, म्हणजे बटण दाबल्याची दखल तिथल्या तिथे घेतली जाते. ब्राउझर आज जावास्क्रिप्टच्या साह्याने हेच करतो, आणि नव्याने लिहिल्या जाणाऱ्या बहुतेक प्रोग्रॅमसाठी एक्सची जागा तोच घेईल, असे माझे मत आहे. मात्र त्यासाठी प्रोग्रॅमची दोन भागांत विभागणी करावी लागते, आणि वर्षानुवर्षे वापरात असलेली शास्त्रीय साधने तशी कोणी पुन्हा लिहिणार नाही. त्यांच्यासाठी तुटलेली जोडणी पुन्हा जोडण्याची सोय वेलँडच्या भोवती उभी राहायला हवी. तोवर मी माझा प्रोग्रॅम एक्सप्रामध्ये, म्हणजे जोडणी तुटली तरी प्रोग्रॅम चालू ठेवणाऱ्या साधनात, ठेवतो. काल जोडणी दोनदा तुटली, पण सकाळी पुन्हा जोडल्यावर आलेख मी मोठा करून ठेवला होता तसाच, त्याच जागी होता.