चिंगीची वाटी: दहावा आठवडा

आज सकाळी वजन ६.१ किलो. दहा आठवड्यांपूर्वी ५.६ होतं. पद्धत तीच: आधी मी एकटा काट्यावर, मग चिंगीला कडेवर घेऊन, आणि वजाबाकी.

चिंगी आमची बारा वर्षांची स्पिट्झ कुत्री. कोथरूडहून वेताळ टेकडी रोज चढणारी पोर पावसाळ्यात अर्ध्या वाटीवर उठायला लागली, तेव्हा मी तिला चोखंदळ ठरवलं आणि महिनाभर पाकिटं बदलत बसलो. तो महिना फुकट घालवला याचं अजून वाईट वाटतं. एका संध्याकाळी वाटीशेजारी फरशीवरच बसलो. तिनं एक दाणा उचलला, पायपुसण्यावर नेऊन टाकला, मान उजवीकडे कलती करून फक्त त्याच बाजूनं चावून पाहिला आणि तसाच सोडून माझ्या मांडीवर येऊन बसली. डॉक्टरांनी ओठ वर केला तर डावीकडच्या दोन दाढा हलत होत्या. लहान जातींचा जबडा छोटा, दात दाटीवाटीनं, त्यामुळे हिरड्यांचं दुखणं त्यांना जास्त. तुमचं कुत्रं खात नसेल तर पाकीट बदलायच्या आधी तोंड बघा, ही कळकळीची विनंती.

दाढांच्या उपचारासाठी भूल द्यायच्या आधी रक्त तपासलं, किडनी ठणठणीत निघाली. म्हणून प्रोटीन कमी केलं नाही. म्हातारपणी स्नायू झडतात, ते टिकवायला चांगलं प्रोटीन लागतंच. किडनी बिघडलेली असेल तर मात्र फॉस्फरस सांभाळावा लागतो आणि खाणं डॉक्टरच ठरवतात.

लेबलानं मला बरेच दिवस फसवलं. ओल्या पाकिटावर प्रोटीन ८ टक्के, कोरड्यावर २६. पण ओल्यात ७८ टक्के पाणीच असतं. ते वगळलं की २२ भागांत ८, म्हणजे ३६ टक्के. कोरड्यात पाणी १० टक्के, म्हणजे ९० भागांत २६, जेमतेम २९. पाणी वजा केल्याशिवाय दोन पाकिटांची तुलना करूच नका.

सध्या निम्मं ओलं, निम्मं कोरडं. कोरडं कोमट पाण्यात भिजवतो, दाणा चिमटीत चुरला की झालं. कोमट असलं की वास उठतो आणि ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहते. जुन्यावरून नव्यावर यायला आठ दिवस घेतले, पोट बिघडलं नाही. उकडलेलं चिकन आणि लाल भोपळा चमचाभरच, कारण नुसत्या चिकन-भातात कॅल्शियम पुरेसं नसतं.

सहा किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायलाही साधारण २७० कॅलरी लागतात. चिंगीला ३५० देतोय, त्यात वरखाऊ ३५ च्या आत. आईचं चहाबरोबरचं बिस्किट बंद करणं सगळ्यात अवघड गेलं. आता आई चिंगीच्याच वाटणीतले चार भिजवलेले दाणे बाजूला काढून ठेवते आणि चहाच्या वेळी तळहातावरून भरवते.

बरगड्या हाताला लागतात, दिसत नाहीत. पाठीचा कणा अजून जरा टोचतो. दोन आठवड्यांनी पुन्हा वजन.