बमलो, लेडीफिश आणि खऱ्या शब्दाची परीक्षा

मालवणच्या एखाद्या खानावळीचं मेन्यूकार्ड इंग्रजीत करायला घेतलं की बोंबलापाशी अडायला होतं. कोणी ‘बॉम्बे डक’ सुचवतं, कोणी ‘बमलो’. बी-यू-एम-एम-ए-एल-ओ. बनावट वाटणारा हा शब्द इंग्रजी डिक्शनऱ्यांत खरोखर आहे, आणि तो आपल्या ‘बोंबील’वरून आला असावा असं तिथेच दिलेलं असतं. ‘लेडीफिश’ मात्र अस्सल वाटतो आणि फसवतो. तेव्हा इंग्रजी शब्द खरा की खोटा हे ठरवताना कानावर विसंबू नका.

नारळ सोलतात तसा शब्द आधी सोलून घ्या. पुढचे ‘अन’, ‘री’ आणि मागचे ‘नेस’, ‘ली’, ‘इंग’ काढून मूळ शब्द शोधा. असे साधित शब्द पुष्कळदा मूळ नोंदीच्या शेवटी, अर्थ न देता, नुसते छापलेले असतात. स्वतंत्र नोंद दिसली नाही म्हणून ‘असा शब्दच नाही’ म्हणणारे इथे चुकतात. जोडनाव असेल तर सलग, तोडून आणि मध्ये आडवी रेघ देऊन, असं तिन्ही प्रकारे शोधा.

एका डिक्शनरीवर थांबू नका. ऑक्सफर्ड, मेरियम-वेब्स्टर आणि कॉलिन्स तरी बघाच. ‘वनलुक’ या वेबसाइटवर अनेक डिक्शनऱ्यांत एकदम शोधता येतं. शब्द सापडला की शेजारचं लेबल वाचा. ‘प्रीपोन’ (ठरलेली वेळ अलीकडे आणणे) खरा शब्द आहे, पण भारतीय इंग्रजीतला. गुहागरच्या होमस्टेवाल्याने बुकिंग अलीकडे घेतल्याचं परदेशी पाहुण्याला कळवताना तो टाळावा. ‘इररिगार्डलेस’ (‘रिगार्डलेस’ याच अर्थाने) मेरियम-वेब्स्टरमध्ये आहे, पण ‘नॉनस्टँडर्ड’, म्हणजे प्रमाण नसलेला, अशा शेऱ्यासह. ‘ऑब्सोलीट’ असेल तर तो शब्द आज कोणी वापरत नाही. वर्डमधली लाल रेघ हा मात्र पुरावाच नव्हे. वर्डच्या शब्दयादीत नसलेले कितीतरी शब्द खरे असतात.

फ्रेंचांची अकादमी आहे तशी शब्द मंजूर करणारी संस्था इंग्रजीला नाही. म्हणून डिक्शनरीत नसलेल्या शब्दाचा वापर आपणच तपासायचा. विक्शनरी या ऑनलाइन मुक्त डिक्शनरीचा नियम मला यासाठी सगळ्यात उपयोगी वाटतो: टिकून राहणाऱ्या साहित्यात, निदान वर्षभराच्या अंतरात पसरलेले, एकमेकांवर न बेतलेले तीन वापर. वापर म्हणजे अर्थासकट वाक्यात आलेला शब्द. ‘या शब्दाचा अर्थ काय?’ असा प्रश्न त्यात धरत नाहीत. गुगलवर शब्द अवतरणचिन्हांत टाका, पण निकालांच्या आकड्याला भुलू नका. पहिली दहा पानं उघडून वाचा. आडनावं, कंपन्यांची नावं, टायपिंगच्या चुका आणि एकमेकांची नक्कल केलेला मजकूर वगळला की पुष्कळदा हाती काहीच उरत नाही.

जुन्या पुस्तकांसाठी गुगलचं एनग्रॅम चांगलं; शब्द पुस्तकांत कधी किती आला याचा आलेख ते काढतं. निदान 40 पुस्तकांत न आलेला शब्द तिथे दिसत नाही, म्हणून सपाट रेघेवरून ‘नाही’ ठरवू नका. उलट फसगतही होते: 1800च्या आधीच्या छपाईतला लांब ‘एस’ संगणकाला ‘एफ’ वाटतो, त्यामुळे ‘सच’चं ‘फच’ होतं आणि नसलेला शब्द हजारो वेळा भेटतो. मूळ पानाचं चित्र उघडून खात्री करा.

छापील डिक्शनरीही चुकते. वेब्स्टरच्या 1934च्या मोठ्या आवृत्तीत ‘डोर्ड’ म्हणजे घनता अशी नोंद होती. डिक्शनरी तयार करताना लिहिलेल्या मूळ चिठ्ठीवर ‘डी ऑर डी’ असं होतं, म्हणजे घनतेसाठी मोठा किंवा छोटा डी. अक्षरं जोडून वाचली गेली आणि शब्द तयार झाला. चूक 1939मध्ये लक्षात आली. त्या नोंदीला शब्दाचं मूळही दिलेलं नव्हतं. व्युत्पत्ती नाही, उदाहरणाचं वाक्य नाही, दुसऱ्या डिक्शनरीत पत्ता नाही, अशा शब्दाबद्दल संशय घ्यावाच.

आता लेडीफिश. शब्द खरा, पण डिक्शनरीत तो मुख्यतः इलॉप्स वंशातला, टार्पन नावाच्या माशाचा नातलग. आपल्या किनाऱ्यावर हे नाव मुडदुशीला लावतात, आणि तिचं शास्त्रीय नाव सिलागो सिहामा. शब्द आहे की नाही एवढंच पाहून थांबलं तर पाहुण्याला भलताच मासा कळतो. कार्डावर रोमन लिपीत ‘मुडदुशी’च लिहा आणि खाली बारीक अक्षरात सिलागो.